ब्रिस्टलच्या घंटा

(ब्रिस्टल, एप्रिल १७९१. दुपार. शहरभर चर्चच्या घंटा वाजताहेत.)

डॉर्कस : अगं, निदान एक खिडकी तरी उघड, ताई! अख्ख्या गल्लीत तुझ्याच खिडक्या बंद. लोकांना वाटतंय सुतक पाळतेयस.

केझाया : त्या घंटा कानात घुसतात गं.

डॉर्कस : शहर खूश आहे. गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव पडला पार्लमेंटात. कारखान्याला अर्धा दिवस सुट्टी, टेकडीवर तोफा, खलाशांना फुकट बिअर! आमचे हे तर घंटेच्या दोरालाच लटकलेत.

केझाया : ओबडाया? रविवारी तर त्याला चर्चला ओढून न्यावं लागतं.

डॉर्कस : कर थट्टा. त्यांच्या साखरेच्या भट्टीवर आमची चूल पेटते. ती गुलामांची जहाजं थांबली तर मळ्यात ऊस कोण पिकवणार, आम्ही खायचं काय? आणि तू व्यापाराविरुद्ध साक्षी गोळा करत आलेल्या त्या लंडनच्या माणसाला भावजींचं सगळं सांगून बसलीस.

केझाया : सायलस मरताना जे बोलले, तेवढंच सांगितलं.

डॉर्कस : त्यांच्या जहाजावरचे बाकीचे खलाशी बोलले का?

केझाया : बोलणार होते. सहाजण. आयत्या वेळी मी एकटीच.

डॉर्कस : शहाणे ते. आता तुझ्याकडे कपडे शिवून घ्यायला तरी कोण येतं?

केझाया : तू आलीस की.

डॉर्कस : मी... माझ्या हेटीचा लग्नाचा झगा न्यायला आलेय.

केझाया : रविवारी मीच आणला असता. लग्नाला येणारच आहे ना मी?

डॉर्कस : ताई...

केझाया : काय?

डॉर्कस : नवऱ्या मुलाचा बाप गुलामांच्या जहाजावर कप्तान. म्हणतो, ती बाई चर्चमध्ये दिसली तर आम्ही दारातूनच परत फिरू. हेटी खूप रडली गं.

केझाया : मग?

डॉर्कस : मग ‘बरं’ म्हणाली.

केझाया : तिथं खुंटीवर आहे. कमरेत सैल वाटला तर आतून दोन टाके घाल.

डॉर्कस : रागव तरी माझ्यावर!

केझाया : घडी नको घालूस, चुरगळेल.

डॉर्कस : ...भावजींनी असं काय सांगितलं होतं तुला?

केझाया : दोन वर्षांत पहिल्यांदा विचारतेयस.

डॉर्कस : सांग ना.

केझाया : जहाजावर पिंपं बांधायचे ना ते? एकदा पाणी द्यायला खाली तळात, त्या बांधलेल्या गुलामांत उतरले. एका बाईनं वाटी घेतली. स्वतः प्यायली नाही. मांडीवरच्या पोराचे ओठ ओले करत बसली. पोर कधीच गेलेलं, डॉर्कस. घरी आल्यावर यांनी पिंपातलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. मी रोज विहिरीवरून आणायचे.

डॉर्कस : पुरे.

केझाया : बरं.

डॉर्कस : केक पाठवीन तुला. लग्नाचा.

केझाया : साखर असेल त्यात.

डॉर्कस : हो. असणारच... ताई, मी मागच्या दारानं जाऊ? समोर यांचे सोबती उभे आहेत.

केझाया : जा. झगा वर धर. तिथली पायरी हलते.