वहिनींच्या वाटणीची वाईन

हसलात तर चहा परत घेईन, आधीच सांगते. आमचे हे गेले, त्याच्या पुढल्या वर्षी लेकीने मला आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे वहिनींना, बोटीच्या सहलीला पाठवलं. परदेशातल्या एका बंदरात बोट थांबली, तिथून आम्हा आठ जणांना वाईन चाखायला द्राक्षांच्या मळ्यात नेलं. वहिनींची त्या दिवशी संकष्टी. वीस वर्षांत एक मोडली नाही त्यांनी, आणि तो गाईड सारखा ग्लास पुढे करतोय.

मी उठलेच. "अरे, उपास कळतो का तुला? जा, द्राक्षं आण त्यांना!" मराठीतच ओरडले आणि वेलीकडे बोट दाखवलं. बिचारा मुकाट्याने घड घेऊन आला. वहिनींचे ग्लास वाया कशाला घालवायचे, म्हणून तेही मीच प्यायले. मग आमच्या कोपर गावातल्या शेजारणींच्या नकला केल्या. गोऱ्या बायासुद्धा पोट धरून हसल्या.

बोटीवर परतल्यावर आठवलं, संकष्टी तर मी पण धरते!

"वहिनी, अडवलं का नाही मला?"

"भाऊजी गेल्यापासून आज पहिल्यांदा हसत होतीस गं. बाप्पाला मी सांगेन काय ते."