नव्या मशीनची घंटी

नवं मशीन आलं की काम सुधारतं, हे मला सांगूच नका. आणीबाणीत आमच्या हिंगोलीच्या ऑफिसात माझ्या टेबलावर नवा टाइपरायटर आला. सगळं झकास, फक्त ओळ संपली की जुन्यासारखी घंटी वाजेना. पार्टिशनपलीकडचे साहेब कानानं अधू, त्यांना तेवढी घंटीच ऐकू यायची.

"बाई, काहून बसून राहिल्या? मेमो देऊ का?"

"साहेब, चौथं पत्र चालू हाय!" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले.

"मग घंटी काहून न्हाई?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या सायकलची घंटी आणून टेबलाला बसवली. एका हातात चहा, दुसऱ्या हातानं घंटी. महिन्याभरानं साहेबांनी वर पत्र धाडलं, 'नव्या मशीनमुळं बाईंचा वेग दुप्पट झाला.'

त्या महिन्यात मी खरोखर टाइप केलेलं तेवढं एकच पत्र.