मोंघीभाभींचा सोन्याचा दात

भावनगरच्या दातांच्या दवाखान्यात हरसुखभाई सुजलेला गाल धरून नंबरची वाट बघत होते, आणि समोरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या जावांची जुंपली होती.

"भाभी, खाखरे विकून जन्मात पहिल्यांदा चार पैसे उरलेत, तर सरळ बँकेत मुदतीवर ठेवा की!"

"खात्यावर थोरल्या लेकाची सही चालते, काशी. मी ठेवायचे, त्यानं काढायचे."

"मग शेअर घ्या. अख्खं भावनगर घेतंय."

"ते मधल्याच्या मोबाइलवर. वर गेले तर त्याचे, खाली आले तर माझे!"

"निदान बांगडी तरी करा."

"बांगडी धाकटी सून लग्नाला घालायला नेते आणि विसरते. दात कोण मागून नेणार?"

"अहो, पण सोन्याचा दात ही काय गुंतवणूक झाली? ना विकता येत, ना गहाण टाकता येत!"

"म्हणून तर टिकेल. आणि मेल्यावर तोंडात सोन्याचा तुकडा घालतात ना? माझी पोरं पितळ घालतील मेली. मी आपली आधीच घालून ठेवते."

हरसुखभाईंना हसू फुटलं आणि दाढेतली कळ थेट मस्तकात गेली.

"काय बाई तरी तुमचं बोलणं!"

"आमचे हे गेले, तेव्हा अस्थी वेचायला कोण गेलं होतं गं?"

"पैसे देऊन माणूस लावला होता. तुमच्या तिघांना कुठं सवड होती!"

"माझ्या वेळी बघशील. तिघंही येतील, चाळण्या घेऊन!"