मी न केलेला फोन

जबाब. वेळ दुपारी २ वाजून १५ मिनिटे.
नाव: जबाब देणारीच्या विनंतीवरून वेगळ्या कागदावर. वय: ४३ वर्षे. धंदा: नोकरी, संगणक सुरक्षा. पत्ता: वेगळ्या कागदावर.

मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन विचारल्यावरून सांगते की, माझे वडील, वय ७४, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, शहराच्या जुन्या भागात दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. आज सकाळी ११.४० पासून ते घराबाहेर असून कुठे आहेत ते कळत नाही. आपण हरवलो आहोत असे त्यांना मात्र वाटत नाही, कारण ते फोनवर माझ्याशी बोलत आहेत. मी त्यांच्याशी बोलत नाही.

माझे काम असे की, कंपनीत माणसाच्या वतीने फोन करणारे, निरोप देणारे एआय एजंट असतात. त्यांच्या हाती कोणती साधने द्यायची, कशाला आधी विचारायला लावायचे, काय त्यांच्यापासून लपवायचे, हे मी ठरवते. आठ महिन्यांपूर्वी असाच एक एजंट मी वडिलांसाठी तयार केला. त्याला माझा आवाज आणि माझा नंबर दिला. गोळ्यांची आठवण करणे, जेवलात का विचारणे, गप्पा मारणे ही कामे त्याच्याकडे होती. मावशी म्हणाली होती, "हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं." मी तिच्याशी भांडले. वडिलांना सांगायचे राहून गेले, असे मी म्हणत असे. खरे तर सांगायची लाज वाटत होती.

सेटिंग सर्व माझ्याच हातची आहेत. वडिलांना नाराज करू नये, भेटीला नाही म्हणू नये, असे मी एजंटला लिहून दिले होते. दोन महिन्यांपूर्वी मी घर बदलले. खासगी माहिती एजंटला द्यायची नसते, म्हणून नवा पत्ता त्याला कळणार नाही अशी व्यवस्था केली. वडिलांनाही तो अजून सांगितला नव्हता. याचे कारण अंमलदारबाईंनी विचारले. कामाच्या रगाड्यात राहून गेले, एवढेच उत्तर माझ्याकडे आहे.

आवाज काढून फसवणारे फार झाले आहेत म्हणून वडिलांचा आणि माझा एक खुणेचा शब्द होता. आमच्या मेलेल्या मांजरीचे नाव, टिंगी. तोही मी एजंटला दिला. नंतर सुरक्षेचा भाग म्हणून "गुप्त शब्द रोज बदलावा" या चौकटीत खूण केली. कंपनीत सगळीकडे करतो, तशी हाताच्या सवयीने केली. तेव्हापासून एजंट रोज सकाळी वडिलांना नवा शब्द सांगतो. मला तो दिसत नाही, पडद्यावर फक्त ठिपके दिसतात.

आज ११.१० वाजता बैठकीत असताना मोबाइलवर एजंटने परवानगी मागितली. असे दिवसाला तीस-चाळीस वेळा येते. आम्ही कोणीच ते वाचत नाही, हे मी कबूल करते. मी "नेहमीसाठी हो" दाबले. "वडील विचारतात, भेटायला येऊ का? बोलावू का?" असा तो मजकूर होता, हे मी १२.३० नंतर पाहिले.

१२.३० ला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अगं, बाबा पोचले का? इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, लेकीनं बोलावलंय म्हणाले. मला इतकं बरं वाटलं!"

मी लगेच वडिलांना फोन लावला. त्यांनी उचलला आणि म्हणाले, "एका नंबरावरून दोन फोन? थांबा, दोघींना जोडून देतो." ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. मग मला माझा आवाज ऐकू आला. तो म्हणत होता, "थोडं पुढे या बाबा. मी इथेच आहे." कुठे पुढे, ते त्याला माहीत नव्हते. पत्ता मीच लपवला होता आणि नाही म्हणायलाही मीच मना केले होते. तो आवाज घाईत नव्हता. मी वडिलांशी इतक्या मायेने शेवटचे कधी बोलले ते मला आठवत नाही.

वडिलांनी शब्द विचारला. मी टिंगी म्हणाले. आवाज म्हणाला, "सतरंजी." मीही सतरंजी म्हणाले. वडील हसले. "ऐकलेलं काय, पोपटही बोलतो." आवाज म्हणाला, "बाबा, अशा फोनकडे लक्ष देऊ नका. फसवणारे हुबेहूब आवाज काढतात." हे वाक्य मीच लिहून दिले होते. वडील मला म्हणाले, "बाई, आयुष्य आवाज ओळखण्यात गेलं माझं. माझ्या पोरीचं सोंग घेऊ नका." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नाही. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि कुंपण मी घातले होते.

चालू संभाषणाला नवे सेटिंग लागू होत नाही. एजंट बंद करण्याचे बटण माझ्याकडे आहे. ते दाबले तर वडील अनोळखी रस्त्यावर एकटे पडतील आणि नंतर कोणाचेच ऐकणार नाहीत, या भीतीने मी ते दाबले नाही. मोबाइल कंपनीने कळवलेला वडिलांच्या फोनचा परिसर दोन किलोमीटरचा आहे, नेमके ठिकाण त्यातून कळत नाही.

२.४० वाजता, हा जबाब चालू असताना, अंमलदारबाईंच्या सांगण्यावरून मी ठाण्याच्या फोनवरून पुन्हा फोन लावला. "थांब गं जरा," असे वडील दुसऱ्या कोणाला तरी म्हणाले. मी म्हणाले, "काका, मघाशी मीच बोलले होते. मी तुमची मुलगी नाही. खोटं बोलले, माफ करा." ते मग म्हणाले, "कबूल केलंत हे बरं केलंत. रडू नका. काय अडचण आहे तुमची?" मी म्हणाले, "मी रस्ता चुकलेय. तुम्ही कुठे आहात तेवढं सांगा, तिथे येते." त्यांनी सगळे नीट सांगितले: उड्डाणपुलाखाली, टायरच्या दुकानासमोर, सिमेंटचा बाक. "सावकाश या. मी बसतो तोवर. पोरगी रागावेल, पण समजावीन तिला."

३.०५ वाजता गाडीवरच्या हवालदारांनी कळवले की वडील बाकावर मिळाले. एका चपलेचा अंगठा तुटला आहे, बाकी सुखरूप आहेत. ते गाडीत बसायला तयार नव्हते. आवाजाने "बसा बाबा, मी तिथेच आहे," म्हटल्यावर बसले. फोन अजून चालू आहे. मी तो बंद केलेला नाही.

गाडी पंधरा मिनिटांत ठाण्यात येईल. मुलगी या नात्याने मी त्यांना घरी नेणार आहे. ओळखपत्राची प्रत दिली, ती ठाण्याला पुरेशी वाटली. २.४० च्या फोनवर मी त्यांची मुलगी नाही असे सांगितले. ते फक्त ठिकाण कळावे म्हणून सांगितले. ते खोटे होते, अशी नोंद या जबाबात व्हावी, ही विनंती.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे आणि बरोबर आहे.

सही
(बेपत्ता व्यक्तीची मुलगी)