मोराच्या गालिच्याचा कौल

...नाही, पण हसण्याआधी मला एवढंच सांगा, गालिच्यावर मशीननं पाणी मारायचं, तर दाब किती ठेवायचा? नाही ना माहीत? कुणालाच माहीत नसतं! आणि खापर फुटतं कुणाच्या डोक्यावर? माझ्या!

तुम्हाला सांगतो, गालिचा आमचा असता तर विहिरीवर नेऊन धोपटला असता, मिटलं! पण गालिचा सासऱ्यांचा, पिंगुळीहून मागून आणलेला, मधोमध हा एवढा निळा मोर, आणि सासरे स्वतः त्याच्यावर जन्मात कधी बसलेले नाहीत, कापूर घालून गुंडाळून ठेवायचे, आणि आमच्या दुर्गाच्या, म्हणजे बहिणीच्या, साखरपुड्यात व्याह्यांनी नेमकी मोराच्या डोक्यावर सोलकढी सांडली! अख्खा पेला! आमच्या सौभाग्यवती सरलाबाई लागल्या कपाळ बडवायला, "अवो, डाग तसोच रवलो तर मी म्हायाराक तोंड कसा दाखवतलंय? रविवारी अण्णा येतले!"

आता आमच्या कट्टा गावात मुनीर. कुवेतला गालिचे धुण्याच्या कंपनीत होता. आमचा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला, तसा याच्या डोक्यात किडा वळवळला, आता इथे साहेब येणार, ऑफिसं येणार, म्हणजे गालिचे येणारच! आणलंन मशीन थेट कुवेतहून. साहेब आले, ऑफिसं आली, गालिचा एकच, तोही सासऱ्यांचा! मशीनला एक काटा, एक चावी, आणि चावीखाली अरबीत काहीतरी लिहिलेलं. मी म्हटलं, "मुनीर, दाब किती?" त्यानं ते अरबी खणखणीत वाचून दाखवलं. म्हटलं, "म्हणजे काय?" तर म्हणे, "वाचूक येता भाई, अर्थ नाय कळणा." बरं, मी तरी स्तोत्रं कुठे समजून म्हणतो? "पण कुवेतला काय करायचास?" "थंय दाब लावणारो येगळो. माझा काम पाइप धरूचा!"

झालं! दाब किती? शेजारचा परशुराम म्हणतो, "माडाक पंपान घालतस तसा घाल." सरला म्हणते, "लेकराक न्हाणतंत तसा, हळू." माझं डोकं गरगरायला लागलं. शेवटी कोकणी माणूस अडला की कुठे जातो? देवळात! म्हटलं, कौल लावू. दाजी गुरवांनी देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, सोपं आहे की नाही? आणि घातलं गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा, ह्या सदानंदान गालिचो धुवूक काढलो हा, तर पाण्याचो दाब वाढवचो काय कमी करूचो, ता सांग रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" पायरीवरून मुनीरसुद्धा!

आणि टप्... उजवी पडली! दाजी ओरडले, "होय सांगल्यान!"

म्हटलं, होय म्हणजे काय? वाढवायचा की कमी करायचा? दाजी म्हणाले, "होय!" अहो, पण काय होय? "देव होय म्हणता, आता तू नाय म्हणतलस?" म्हटलं, परत लावा. तर डोळे वटारून, "देवाक उलटतपासणी? कोप होतलो!"

घरी येईपर्यंत वाद. परशुराम म्हणतो, वाढवचो आधी म्हटलं, म्हणजे होय वाढवायला. सरला म्हणते, कमी करूचो शेवटी म्हटलं, देवाच्या कानात तेच राहिलं असणार. मला दोन्ही पटत होतं, हीच तर माझी गोची! म्हटलं, मुनीर, दोन्हीला होय. आधी वाढव, मग कमी कर.

वाढवलान... आणि काय सांगू महाराजा! पहिल्या फटक्यात मोराचा तुरा गेला, दुसऱ्यात पिसारा, अंगणातून निळं पाणी, आमची पांढरी कोंबडी निळी! मी ओरडतोय, "कमी कर! कमी कर!" त्यानं कमी केला, तर गालिचा नुसता पाणी पीत बसला. चौघांनी उचलून कुंपणाच्या वईवर घातला, तर वईच आडवी! वाळला तेव्हा आखडलेला, राखाडी, गोणपाटासारखा. डाग गेला, बरं का! डाग साफ गेला. मोराला घेऊन गेला.

रविवारी सासरे आले. बघतात, बघतात... "जावयबापू, हो माझो न्हय. माझ्या गालिच्यार मोर होतो."

म्हटलं, "अण्णा, हाच तो. मोर गेला."

"गेलो? उडान गेलो?"

मला खरंच रडू येत होतं हो! सरला आत जाऊन बसली ती बाहेर येईना. आणि सासरे उठले ते तडक देवळात, दाजींसमोर! पण माणूस हुशार, एकच सरळ प्रश्न, "माझो गालिचो जावयाच्या घरात आसा काय?"

टप्. उजवी!

आता तुम्हीच सांगा, देव खोटं बोलला? नाही! गालिचा आमच्याच घरात आहे! तेव्हापासून दर रविवारी सासरे येतात, माळा उपसतात, कणग्यांत हात घालतात, आणि दमले की त्याच गालिच्यावर, ज्याच्यावर जन्मात बसले नव्हते, ऐसपैस मांडी घालून बसतात, चहा पितात आणि मला विचारतात, "जावयबापू, माझो गालिचो खंय?"