छतातली वीण

आयर्लंडमधल्या गॉलवेजवळच्या जुन्या गढीत तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे टोपल्या विणणारी अट्रॅक्टा म्हातारी होती, सोबत तिची लेक.

"आई, बहात्तर पायऱ्या आहेत. गुडघ्याचं काय?"

"तो येईल मागून."

"वर आहे तरी काय?"

"छत. बांधताना चुन्याखाली फोकांची चटई धरली होती. चटई कुजली, वीण चुन्यात उमटून राहिली. पन्नास वर्षं विणतेय मी. ती बघितल्याशिवाय मरणार नाही."

चार ठिकाणी बसत ती वर पोचलीच.

"आजी, हे छत इथल्या सरदारानं बांधलं," वाटाड्या म्हणाला.

"विणलं कुणी?"

"त्याची कुठं नोंद नाही."

"फोक उलटे वळवलेत बघ. माझ्यासारखाच डावखुरा होता. घे लिहून."