भूल देणाऱ्याच्या माथी खुर्ची

…आणि वर मलाच म्हणतात, "तुमच्यात एक नेता लपलाय!" अहो, लपलाय ना, मग लपू द्या की बिचाऱ्याला! तुम्हाला सांगतो, मी मेडिकल कॉलेजातला भूलतज्ज्ञ, जन्म गेला पेशंटच्या उशाशी, पुढे उभं राहायचं काम सर्जनचं, ओरडायचं काम सर्जनचं, आभारही सर्जनचे, आणि मी आपला मास्क धरून कानाशी हळूच म्हणायचं, "छान श्वास घ्या… आवडती जागा आठवा… आहे मी इथेच…" की निघाला पेशंट तरंगत! आणि जाग आल्यावर स्वप्न कुणाला सांगतो? मला! एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, मी ढगातून चाललो होतो आणि आमची शेळी खालून बघत होती… रागानं!" आता हे सोडून कोण शहाणा खुर्चीत जाऊन बसेल? मी झोपवणारा माणूस हो, मला कशाला पुढे करता!

पण डीनसाहेबांनी काढलं ना, डॉक्टरांसाठी नेतृत्व प्रशिक्षण! "हे पार पाडलंत की विभागप्रमुख तुम्ही. मग ऑपरेशन थिएटरची दगदग बंद, नुसतं ऑफिस!" आणि हे बक्षीस दिल्यासारखं सांगतात! घरी बोललो तर आमची ही हसत सुटली, "घरात भाजी कुठली करायची ते तुम्हाला ठरवता येत नाही, विभाग काय चालवणार? जा बिनधास्त, नापास होऊन याल!" तेवढ्या एका आशेवर गेलो.

खोली कशी, तर जाड पडदे, मऊ खुर्च्या, सगळे भरपेट जेवलेले, एसी आपला गुणगुणतोय… प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "एकेकानं पुढे या आणि सहकाऱ्यांना उद्याचं स्वप्न दाखवा!" सर्जन उठले, गरजले. हाडांचे सर उठले, टेबलावर मूठ आपटली. दोघांची मंगळवारचं थिएटर कुणाचं यावरून जुंपली, जी कित्येक वर्षं जुंपतेच आहे! बाई घाबरून माझ्याकडे वळल्या, "सर, तुम्ही या!" अहो, मी झोपवणारा माणूस! उठलो खरा, पण तोंडातून दुसरं काही येईचना… "डोळे मिटा… छान श्वास घ्या… आवडती जागा आठवा… आहे मी इथेच…"

झालं! सर्जनची मान कलली. हाडांचे सर घोरायला लागले. त्वचेच्या मॅडम त्यांच्या खांद्यावर! आणि प्रशिक्षक बाई? माईक छातीशी धरून गाढ! पडदा हळूच फुगत होता, उन्हाची एक पट्टी सगळ्यांच्या बुटांवरून सरकत होती… मी म्हटलं, सुटलो! नापास! चला! दारापर्यंत गेलो… आणि पाऊलच उचलेना. झोपवलेल्या माणसाला टाकून जायचं? आजवर कधी गेलोय? आलो परत, बसलो. सर्जनची हनुवटी जरा उचलली, श्वास मोकळा केला, एकेकाची छाती वरखाली होताना बघत राहिलो. किती लहान दिसतात हो ही माणसं, डोळे मिटल्यावर! खरं सांगतो, भरून आलं मला.

मग सर्जन जागे झाले. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "आई माझे केस विंचरत होती रे…" टक्कल आहे हो त्यांना! हाडांचे सर डोळे चोळत त्यांना म्हणाले, "मी नदीत पोहत होतो, आणि तू काठावर माझे कपडे सांभाळत होतास." सर्जन म्हणाले, "मंगळवार तू घे." दुसरा म्हणतो, "नको, तूच घे!" आणि नेमके दारात डीनसाहेब! "हे दोघे हसतायत? कुणी केलं हे?" सगळ्यांची बोटं माझ्याकडे! मी म्हटलं, "साहेब, सवयीनं झालं हो, मी झोपवणारा माणूस…" ते म्हणाले, "यालाच नेतृत्व म्हणतात!"

आता मी विभागप्रमुख. दर आठवड्याला मीटिंग घेतो, मी बोलायला लागलो की एकेक मान कलते, आणि मी बसतो राखण करत. म्हणजे काम तेच आहे म्हणा… फक्त जाग आल्यावर स्वप्न कुणी सांगत नाही. विचारतात, "सर, चहा येऊन गेला का?"